डोळ्यांचीं दुखणीं आणि वेळेचा हिशेब

(महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत धर्मग्रामाच्या सभागृहांत झालेलें भाषण)



या व्याख्यानमालेंत धर्म, शिक्षण व सहकार या विषयांवर आपण विद्वान् वक्त्यांचीं भाषणें ऐकलीं. आज आम्ही जो विषय आपणांपुढें मांडणार आहों त्याचें सारें क्षेत्र इंचभर व्यासाच्याहि आंत मावतें, कारण मनुष्याचा नेत्रगोलक त्याहून मोठा नसतो. तरी पण ज्या घरांत एकादें वृद्ध माणूस भिंत चांचपत पडवींतून मोरीकडे जातें, त्या घरास हा विषय लहान आहे असें कोणी सांगूं नये.

नेत्ररोग्यांच्या सेवेंत आम्हीं जीं वर्षें घालविलीं त्यांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडली. जें दुखणें आपोआप बरें होणारें असतें त्यासाठीं लोक धांवत येतात, आणि जें एका रात्रींत डोळा घेऊन जाणारें असतें तें घेऊन घरीं बसतात. लोक अडाणी आहेत असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु चांगले शिकलेले शिक्षक व बँकेंतील अधिकारीहि असेंच वागतांना आम्हीं पाहिले आहेत. खरें कारण असें कीं, शरीराच्या इतर भागांत वेदना ही धोक्याची घंटा असते आणि डोळ्याच्या बाबतींत ही घंटा पुष्कळदां वाजतच नाहीं. दृष्टि नेणारे मोठे रोग बहुधा न दुखतां येतात. म्हणून रोगांचीं नांवें आपणांकडून पाठ करून घेण्याचा आमचा विचार नाहीं. कोणत्या दुखण्यांत आपल्या हातीं महिने असतात, कोणत्यांत दिवस आणि कोणत्यांत केवळ तास, एवढाच हिशेब आज मांडूं.

ज्यांत घाई मुळींच नाहीं पण संकोच फार आहे अशा गोष्टीपासून आरंभ करूं. ती म्हणजे चाळिशी. मराठी भाषेनें वाचण्याच्या चष्म्यासच चाळिशी हें नांव देऊन माणसाचें वय चारचौघांत उघडें करून ठेविलें आहे. त्यामुळें पुष्कळ सद्गृहस्थ व त्यांच्या मंडळी पंचेचाळीस वर्षें उलटेपर्यंत तिला घरांत घेत नाहींत. रविवारीं मिस्सेच्या वेळीं गायनमंडळाकडे पाहावें. गीतपुस्तक जितकें लांब धरलेलें तितकें धरणाऱ्याचें वय अधिक, असें बिनचूक सांगतां येईल. यांत रोग कांहीं नाहीं. डोळ्याच्या आंत जें भिंग असतें तें तरुणपणीं मऊ असतें व जवळचें पाहतांना तें फुगीर होऊं शकतें. वयाबरोबर तें घट्ट होत जातें आणि जवळचीं अक्षरें पुसट होतात. सुईंत दोरा ओवतां येईनासा होतो, निवडलेल्या तांदळांतला खडा दांताखालीं येऊं लागतो. चष्मा लावल्यानें नंबर वाढतो, म्हणून शक्य तितका तो लांबणीवर टाकावा, अशी समजूत सर्वत्र आहे. ती निराधार आहे. नंबर वाढतो तो वयानें, मग चष्मा नाकावर असो वा पेटींत. बाजारांत तयार मिळणाऱ्या चष्म्यानें डोळे बिघडतात असेंहि नाहीं. त्याचा तोटा निराळाच आहे. तो विकणारा डोळ्यांतील दाब मोजीत नाहीं, आंतला पडदा पाहत नाहीं, आणि चाळिशीच्या निमित्तानें जी तपासणी घडावयाची ती राहून जाते.

याच्या पुढचा एक चमत्कार सांगण्यासारखा आहे. साठी-पासष्टीच्या आजोबांस एके दिवशीं चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतां येऊं लागतें. घरांत आनंदीआनंद होतो. कोणी तें नवसाचें फळ म्हणतो, कोणी गाजराच्या रसाचें. बहुधा तें मोतीबिंदूचें पहिलें पाऊल असतें. भिंगाचा गाभा दाट होऊं लागला कीं जवळचें स्पष्ट दिसतें आणि दूरचें पुसट होत जातें. आनंद कांहीं काळ टिकतो, मग जवळचेंहि जातें.

मोतीबिंदु म्हणजे डोळ्यावर बाहेरून चढलेला पडदा, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः डोळ्यांतील तें भिंगच गढूळ झालेलें असतें. सरकारनें २०१५ ते २०१९ या वर्षांत देशांत जी पाहणी करविली तींत पन्नास वर्षें व त्यापुढील आंधळ्या माणसांपैकीं शेंकडा सुमारें ६६ जणांच्या अंधत्वाचें कारण मोतीबिंदु हेंच निघालें. म्हणजे तिघां आंधळ्यांपैकीं दोघे असे कीं, ज्यांची दृष्टि एका लहानशा शस्त्रक्रियेनें बहुधा परत येऊं शकते. यांतील कित्येकांस पैशाची किंवा इस्पितळाच्या अंतराची अडचण असते हें खरें. पण कित्येक जण केवळ वाट पाहत बसलेले असतात.

कशाची वाट? तर मोतीबिंदु पिकण्याची. ही समजूत मूर्खपणाची नव्हे. एके काळीं ती बरोबर होती. सुश्रुतानें वर्णिलेल्या क्रियेंत शलाकेनें गढूळ भिंग बाजूस सारीत असत. अठराव्या शतकाच्या मध्यास जाक दाव्हिएल या फ्रेंच वैद्यानें तें बाहेर काढण्याची रीत घालून दिली. भिंग काढल्यावर रोग्यास जाड काचेचा चष्मा लावावा लागे आणि दृष्टि यथातथाच येई, म्हणून थोडेंफार दिसत असेपर्यंत डोळ्यास हात न लावणें हेंच शहाणपणाचें होतें. आपल्या आजीच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें आठवेल. पुढें १९४९ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत हॅरॉल्ड रिडली या शस्त्रवैद्यानें रोग्याच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलें. महायुद्धांत विमानाच्या काचेसारख्या पारदर्शक आवरणाचे तुकडे कित्येक वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, आणि ते तेथें निमूटपणें पडून राहतात, डोळा त्यांचा राग धरीत नाहीं, असें त्यानें पाहिलें होतें. त्याच जातीच्या पदार्थाचें त्यानें भिंग करविलें. आरंभीं त्याच्या व्यवसायबंधूंनींच त्यास कडाडून विरोध केला. आज मोतीबिंदूच्या बहुतेक शस्त्रक्रियांत असें भिंग बसविलें जातें आणि जाड चष्मा इतिहासजमा झाला आहे.

तेव्हां आतां पिकण्याचा प्रश्न उरला नाहीं. बसचा नंबर वाचतां येईना, सुट्या पैशांत दोनाचें व पांचाचें नाणें ओळखूं येईना, रात्रीं समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर फांकूं लागला, थोडक्यांत रोजच्या कामांत अडथळा येऊं लागला, कीं तपासून शस्त्रक्रिया करून घ्यावी. अति पिकूं दिलेलें भिंग कठीण होतें, कधीं फुगून डोळ्यांतील दाब वाढवितें, आणि सोपें काम अवघड होऊन बसतें. उन्हाळ्यांत नको, पावसाळ्यांत जखम चिघळेल, हिंवाळा येऊं द्या, ही सबबहि आम्ही दरवर्षीं ऐकतों. चांगल्या इस्पितळांत ही शस्त्रक्रिया बारमहा होते. थेंब घालून मोतीबिंदु विरघळविणारें सिद्ध औषध आज नाहीं; तसें सांगून कोणी बाटली विकीत असेल तर पैसे खिशांतच ठेवावे. मात्र शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होऊन अधिकाधिक दुखूं लागला किंवा आलेली दृष्टि कमी झाली, तर कागदावर लिहिलेल्या तारखेची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

नांवावरून मोतीबिंदूचा सख्खा भाऊ वाटणारा काचबिंदु हा वेगळ्याच कुळांतला आहे. आमच्या पाहण्यांत एक वृद्ध बाई होत्या. त्यांस उजव्या डोळ्यानें दिसेनासें झालें, तेव्हां घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं मोतीबिंदु पिकतो आहे असें ठरविलें. पलीकडच्या घरांतील आत्याचाहि असाच पिकला होता आणि शस्त्रक्रियेनंतर तिला उत्तम दिसूं लागलें होतें, हा त्यांचा पुरावा. मुलगा आखाती देशांत नोकरीस. तो नाताळास आला म्हणजे करूं, असें ठरलें. त्या वर्षीं त्यास रजा मिळाली नाहीं, म्हणून गोष्ट पुढच्या नाताळावर गेली. बाई तपासणीस आल्या तेव्हां उजवा डोळा पार गेलेला होता आणि डाव्या डोळ्यांत नळींतून पाहावें तेवढेंच क्षेत्र उरलें होतें. मोतीबिंदु होता, पण नांवाला. गेलेलें परत येणार नाहीं असें त्यांच्या मुलास सांगतांना आम्हांस शब्द सुचेनात. तो फक्त एवढेंच विचारीत होता कीं, आई एकदांहि दुखतें असें कां म्हणाली नाहीं? तिला दुखलेंच नव्हतें. डाव्या डोळ्यांतलें जें उरलें होतें तें थेंबांनीं राखतां आलें, आणि पुढें कांहीं वर्षें बाई आपल्या पायांनीं देवळांत येत असत.

डोळ्यांत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि बारीक चाळणीसारख्या वाटेनें वाहून जातो. ती वाट चोंदली कीं दाब वाढतो, व डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी नस हळुहळू सुकत जाते. कित्येकांचा दाब मापांत बरोबर असूनहि नस सुकते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाहीं, नसहि पाहावी लागते. दृष्टि कडेनें झिजत येते व मधली बहुधा शेवटपर्यंत टिकते. त्यामुळें रोगी वर्तमानपत्र वाचतो आणि दाराच्या चौकटीवर आपटतो. ज्याच्या आईबापांस किंवा भावंडांस हा रोग आहे त्यानें आपल्या डोळ्यांची तपासणी कांहीं त्रास नसतांनाहि करून घेत जावी, आणि इतरांनींहि चाळिशीनंतर ती टाळूं नये. थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात. त्यांनीं दृष्टि वाढत नाहीं, म्हणून गुण येत नाहीं असें म्हणून पुष्कळ लोक ते मध्येंच सोडतात. आहे तेवढें राहिलें हाच त्यांचा गुण, हें रोग्यापेक्षां त्याच्या सुनामुलांनीं अधिक लक्षांत ठेवावें, कारण औषधाचे पैसे बहुधा तींच देत असतात.

याच रोगाचा एक प्रकार मात्र गाजावाजा करीत येतो. संध्याकाळीं किंवा रात्रीं एकाएकीं डोळा व त्या बाजूचें डोकें भयंकर दुखूं लागतें, डोळा लाल होतो, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात, आणि उलट्या होतात. उलट्या पाहून घरचे पित्त झालें म्हणतात, कोकमाचें सरबत देतात आणि खोलींत अंधार करून रोग्यास निजवितात. येथें हिशेब तासांचा आहे. डोकेदुखी व उलट्यांबरोबर डोळा लाल होऊन दृष्टि धुरकट झाली असेल तर त्याच रात्रीं इस्पितळ गांठावें.

आतां लाल डोळ्याकडे वळूं, कारण लोकांची सर्वांत अधिक धांवपळ याचसाठीं होते. २०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रभर डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती, ती आपणांस आठवत असेल. घरटी कोणी ना कोणी काळा चष्मा लावून बसलेलें असे. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिल्यानें साथ लागते ही समजूत अजून जात नाहीं. ती लागते हातांनीं, टॉवेलानें, उशीच्या अभ्र्यानें. काळ्या चष्म्यानें उजेडाचा त्रास कमी होतो, साथ अडत नाहीं. हें दुखणें बहुधा विषाणूचें असतें व आठपंधरा दिवसांत आपोआप उतरतें. हात धुवावे, टॉवेल वेगळा ठेवावा, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या, मूल असल्यास शाळेंत पाठवूं नये. आईचें दूध, मध, एरंडेल, कोथिंबिरीचा रस यांपैकीं कांहींहि डोळ्यांत घालूं नये. परंतु लाल डोळा खोल दुखत असेल, उजेड मुळींच सोसत नसेल, दिसणें कमी झालें असेल, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका उठला असेल, तर ती साथ समजूं नये. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्या तरुण मंडळींनीं तर लाल डोळा दिसतांच लेन्स काढून त्याच दिवशीं तपासणीस जावें.

पांढऱ्या ठिपक्याची गोष्ट आपल्या वाड्यांतल्या लोकांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी. भातझोडणीच्या दिवसांत भाताचें कूस डोळ्यांत जातें; केळीच्या बागेंत पानाची कड लागते; झावळीचें टोंक लागतें. ओरखडा दिसतहि नाहीं इतका बारीक असतो. पण झाडपाल्याबरोबर बुरशी आंत जाते आणि दोनचार दिवसांनीं बुबुळावर व्रण उठतो. अशा वेळीं शेतकरी दुकानांत जाऊन लाल डोळ्याचें औषध मागतो आणि त्याच्या हातीं पुष्कळदां स्टेरॉइडचे थेंब पडतात. या थेंबांची करामत अशी कीं, दोन दिवसांत लाली व ठणका कमी होतो, रोगी दुकानदाराचे आभार मानतो, आणि आंत बुरशीस मोकळें रान मिळतें. व्रण भरला तरी तेथें फूल पडतें व दृष्टि जाते. हेच थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालीं योग्य रोगांत अमृतासारखे असतात. पण स्वतःच्या मतानें ते महिनोन् महिने घातल्यास काचबिंदु व मोतीबिंदु दोन्ही होऊं शकतात. आपल्या पवित्र ग्रंथांतील तोबीताची कथा आपण जाणतां. पक्ष्यांची विष्ठा डोळ्यांत पडून त्यास पांढरें फूल पडलें, आणि त्या कथेच्या एका प्राचीन पाठांत असें आहे कीं, वैद्यांनीं जों जों मलम लावलें तों तों त्यास अधिकच दिसेनासें झालें. मलमांवरील ही टीका आम्हांस फार मार्मिक वाटते. माशाच्या पित्ताचा पुढील प्रयोग मात्र कोणी घरीं करूं नये. त्या वेळीं राफाएल देवदूत जातीनें हजर होता.

समुद्रावर व उन्हांत काम करणाऱ्यांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जें मांस वाढतें त्याची चिंता नको. तें बुबुळावर सरकूं लागलें तरच दाखवावें.

ज्यांत तास नव्हे, मिनिटें मोजावीं लागतात अशी दुर्घटना एकच, ती म्हणजे चुना. पानाच्या डब्यांतील किंवा पुडींतील चुना मुलें दाबून पाहतात आणि तो उडून डोळ्यांत जातो. भिंतीस रंग देणारांच्या डोळ्यांतहि तो जातो. चुना डोळ्याच्या आंत आंत खात जातो. गाडी शोधूं नये, वडील माणसास विचारूं नये, लिंबू पिळून त्याचा उतारा करूं नये. नळाखालीं किंवा तांब्यानें, जें स्वच्छ पाणी हातीं येईल त्यानें पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास डोळा धुवावा, पापणीखालीं राहिलेले कण ओल्या स्वच्छ कापडानें काढावे, आणि मग इस्पितळांत न्यावें. मूल रडेल, ओरडेल. तरी धुणें थांबवूं नये. गोद्रीवर अथवा शेजारच्या टपरीवर चुन्याची पुडी मुलाकडून आणविण्याची रीत बंद झाली तर आणखी बरें.

चुन्यावरून एक इतिहास आठवतो. १९०५ च्या डिसेंबरांत, आज चेक देशांत असलेल्या ओलोमोउत्स या गांवीं, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरानें एका मजुराच्या डोळ्यांवर बुबुळावरील पारदर्शक पटलाचें रोपण केलें. चुना विरवितांना त्या मजुराचे दोन्ही डोळे भाजले होते. पटल मिळालें तें अपघातामुळें काढावा लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यांतून. एका बाजूचें रोपण टिकलें आणि तो माणूस पुन्हां कामावर गेला. मनुष्याच्या पटलाचें यशस्वी रोपण म्हणून जगांत हेंच पहिलें गणलें जातें.

फूल पडून आंधळ्या झालेल्या माणसास आजहि पुष्कळदां हाच एक उपाय असतो, आणि तें पटल मृत मनुष्याकडूनच मिळतें. तें कारखान्यांतून हवें तितकें काढतां येत नाहीं. यास्तव नेत्रदानाविषयीं चार शब्द बोलणें प्राप्त आहे. आमच्या लोकांस येथें एक शंका हमखास पडते: देह अपुरा पुरला तर पुनरुत्थानाच्या दिवशीं काय होईल? शंकानिरसन करणें फादरांचें काम आहे, आमचें नव्हे. आम्ही फक्त १९५६ सालच्या दोन घटना सांगतों. त्या वर्षीं २८ फेब्रुवारीस मिलान येथें डॉन कार्लो न्योक्की हे धर्मगुरु वारले. युद्धांत हातपाय गमावलेल्या मुलांसाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें होतें. मरतांना त्यांनीं आपले डोळे दोन आंधळ्या मुलांस दिले. इटलींत त्या वेळीं याविषयीं स्पष्ट कायदा नव्हता. पुढें त्याच वर्षीं १४ मे रोजीं पोप बारावे पायस यांनीं नेत्रदात्यांच्या संघापुढें भाषण करून मृत देहांतून असें पटल घेण्यांत धर्माच्या दृष्टीनें दोष नाहीं असें सांगितलें. डॉन न्योक्की यांस २००९ सालीं धन्यपद देण्यांत आलें.

व्यवहाराची बाजू अशी. मृत्यूनंतर साधारणपणें सहा तासांच्या आंत पटल काढावें लागतें. तोंवर पापण्या मिटून त्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, खोलींतील पंखा बंद करावा, डोक्याखालीं उशी द्यावी आणि लगेच नेत्रपेढीस कळवावें. माणसें घरीं येतात, अर्ध्या तासांत काम होतें, चेहरा विद्रूप होत नाहीं व अंत्यविधीस उशीर होत नाहीं. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचे डोळेहि बहुधा चालतात. कांहीं संसर्गजन्य रोगांत मात्र घेत नाहींत. मृतानें अर्ज भरला असला तरी त्या क्षणीं घरच्यांची संमति लागते, आणि तो क्षण मोठा कठीण असतो. म्हणून ही गोष्ट जेवणाच्या वेळीं, सर्व धडधाकट असतांना, घरांत एकदां बोलून ठेवावी.

मुलांविषयीं बोलावयाचें तें थोडें पण निकडीचें आहे. तिरळें मूल नशीबवान असतें असें म्हणून किंवा मोठेपणीं सरळ होईल असें म्हणून सहा महिन्यांवरील मुलाचा तिरळेपणा अंगावर काढूं नये. मेंदु एका डोळ्याकडे दुर्लक्ष करूं लागतो आणि तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आंत चष्मा देऊन व चांगला डोळा रोज कांहीं तास झांकून तो पुष्कळदां सुधारतो. वय वाढत जातें तसें यश कमी होत जातें. मुलास एका डोळ्यानें कमी दिसतें हें त्यास स्वतःस कळत नाहीं. खेळतां खेळतां त्याचा एकेक डोळा झांकून पाहावा. एक डोळा झांकला असतां तें हंसतें आणि दुसरा झांकला असतां हात ढकलून देतें, असें झालें तर तपासणीस न्यावें. छायाचित्रांत मुलाच्या बाहुलींत पांढरी चकाकी दिसली तर त्याच आठवड्यांत न्यावें, कारण तो क्वचित् प्रसंगीं डोळ्यांतील कर्करोग असतो व तेथें प्रश्न जिवाचा असतो. मोबाईलवरून घरोघर वाद चाललेले आम्ही ऐकतों. त्याविषयीं आमचें म्हणणें एवढेंच कीं, जीं मुलें दिवसाउजेडीं बाहेर खेळतात त्यांस दूरचें न दिसण्याचा चष्मा लागण्याचें प्रमाण कमी असतें, हें अभ्यासांतून दिसून आलें आहे. आपल्याकडे ओटे, अंगण आणि देवळाचें पटांगण अजून शिल्लक आहे. मुलास अंधारांत चांचपडावें लागत असेल तर तो रातांधळेपणा असूं शकतो. अ जीवनसत्त्वाचे डोस नवव्या महिन्यापासून पांच वर्षांपर्यंत सरकारी आरोग्यकेंद्रांत मिळतात, ते चुकवूं नयेत. शेवग्याचा पाला आणि पपई तर परसांतच आहे.

मोठ्या माणसांनींहि एकेक डोळा झांकून पाहण्याची ही रीत ठेवावी. दोन डोळ्यांपैकीं एक गेला तरी दुसरा इतक्या निष्ठेनें काम करितो कीं, पहिला केव्हां गेला हें कळतच नाहीं. डोळ्यांपुढें एकाएकीं काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडूं लागला, अंधारांत विजेसारखे झोत चमकूं लागले, किंवा कडेनें काळा पडदा सरकत आला, तर आंतील पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा संभव असतो. त्याच दिवशीं जावें, दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. एका डोळ्यासमोर अचानक पूर्ण अंधार झाला तर तो पांच मिनिटांत ओसरला तरीहि तांतडीनें इस्पितळांत जावें. ती कधीं कधीं पक्षाघाताची पूर्वसूचना असते.

राहतां राहिला मधुमेह, आणि तो आज या सभागृहांत बसलेल्या कित्येकांच्या घरीं आहे. साखरेनें आंतील पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या नासतात व त्या पाझरूं लागतात, तरी दृष्टि बराच काळ चांगली राहते. दिसावयाचें कमी होतें तेव्हां पुष्कळ नुकसान होऊन गेलेलें असतें. रोग कळला त्या वर्षीं आणि पुढें दरवर्षीं, उत्तम दिसत असलें तरीहि, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.

पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही याच सभागृहांत बसणार आहों. घरांत थेंबांच्या ज्या उघडलेल्या बाटल्या असतील त्या सर्व घेऊन याव्या. कोणती ठेवावी व कोणती टाकावी तें वाचून सांगूं. उघडलेली बाटली महिन्याभरानंतर बहुधा वापरूं नये, ही गोष्ट आतांच सांगून ठेवतों. मधुमेही मंडळींनीं व ज्यांच्या घरांत काचबिंदु आहे त्यांनीं स्वतः गाडी चालवीत येऊं नये, कोणास तरी बरोबर आणावें, कारण बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर कांहीं तास पुसट दिसतें. जुना चष्मा असल्यास तोहि आणावा, मोडका असला तरी चालेल.